अर्ध्या शिडीचा निबंध

१० जानेवारी

श्री. साडूबुवा यांस,
स. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी देवापुढे दिवा लावला, चहा घेतला आणि दुकान न उघडताच अभ्यासकेंद्र गाठलं. स्वाध्याय द्यायची शेवटची तारीख होती. खिडकी उघडायला वेळ होता म्हणून भिंतीवरचे कागद वाचत उभा राहिलो. तिथे एक सूचना होती: पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी निबंध स्पर्धा. विषय, प्रादेशिक सहकार्य. निबंध दोन वेगळ्या केंद्रांच्या दोन विद्यार्थ्यांनी मिळून लिहायचा आणि जिंकल्यास व्यासपीठावर वाचायचा. त्या वेळी दोघांचे कुटुंबीय पहिल्या रांगेत बसतील.

या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबलो ते खिडकी उघडल्याचंही कळलं नाही.

दुसऱ्या केंद्रातला, माझ्या ओळखीचा पदव्युत्तर विद्यार्थी एकच आहे, आणि ते तुम्ही. तुम्ही एम.ए.ला नाव घातल्याचं कळलं त्याच आठवड्यात आमच्या घरी माझ्याही नावाचा प्रवेशअर्ज आला होता. बहिणीबहिणींत अबोला असला तरी बातम्यांचं येणंजाणं चालू असतं.

अबोला कशावरून झाला ते आपण दोघांनी पाहिलंय. सासरे गेल्यावर त्यांची घडीची शिडी कोणी न्यायची, एवढीच गोष्ट. त्या शिडीवर उभं राहून त्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. ताई म्हणाल्या, "तू ने." ही म्हणाली, "नाही, तूच ने." दोघी बराच वेळ एकमेकींना मान देत होत्या. मग एकदम, "नको म्हणजे? बाबांची शिडी तुला नको?" आणि तिथून जे पेटलं ते सुतार बोलवेपर्यंत. बिचाऱ्याने विचारलं होतं, "नक्की सोडवू ना?" बिजागऱ्या काढल्या, अर्धी शिडी तुमच्याकडे, अर्धी आमच्याकडे. बिजागऱ्या आमच्या वाट्याला, स्क्रू तुमच्या.

त्याला दोन वर्षं झाली. सासूबाई तुमच्याकडे असतात, त्यामुळे हिला आईची भेट नाही. फोन आधी ताई उचलतात, म्हणून ही करत नाही. ताईही करत नाहीत, कारण आधी धाकटीने करायचा. पण दोघींचे नवरे व्यासपीठावर असले, तर दोघींना एका रांगेत बसावंच लागेल. सासूबाईंना मधे बसवू. माझा स्वार्थ एवढाच आहे.

पहिलं वाक्य सुचलंय ते पाठवतो: "शेजारी प्रदेशांनी एकमेकांच्या अडचणी समजून घेतल्या, तर दोघांचंही भलं होतं."

पत्र मुद्दाम तुमच्या डेपोच्या पत्त्यावर पाठवतोय. आमची अर्धी शिडी उत्तम आहे. काही अडत नाही.

आपला,
धाकटा साडू

*

१६ जानेवारी

चि. साडूभाऊ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमचे दिनांक १० चे पत्र फलाट क्रमांक दोनवर, गाडी लागण्याच्या वेळेस मिळाले. त्यामुळे ते वाचण्यास विलंब झाला, त्याबद्दल दिलगीर आहे.

स्पर्धेत भाग घेण्यास माझी हरकत नाही. तथापि तुमच्या पहिल्या वाक्यास आहे. "एकमेकांच्या अडचणी" म्हणजे काय? आमच्या प्रदेशात कोणतीही अडचण नाही. आमची अर्धी शिडी भिंतीला टेकून अत्यंत समाधानकारक सेवा देत आहे. सौ. तिच्यावर टॉवेल वाळत घालते. तुमच्या प्रदेशात अडचणी असल्यास तुम्ही "माझ्या अडचणी" असे लिहावे.

मी पुढीलप्रमाणे वाक्य सुचवतो: "मोठा प्रदेश पुढाकार घेतो, तेव्हाच लहान प्रदेशास दिशा मिळते."

दुसरे, निबंधावर माझे नाव आधी असावे. मी वयाने, जावई म्हणून व प्रवेश क्रमांकानेही ज्येष्ठ आहे.

घरी काही कळवू नये. सौ.ला मी "प्रादेशिक कार्यालयाचं काम आहे" असे सांगितले आहे. ते पूर्णपणे खोटे नाही.

तुमचा शुभचिंतक,
वाहतूक नियंत्रक (वरिष्ठ श्रेणी)

*

२१ जानेवारी

तीर्थरूप साडूबुवांच्या चरणी
शिरसाष्टांग नमस्कार.

आमच्या गावच्या शाळेत गुरुजी पत्रलेखन शिकवायचे. मजकूर कसाही असो, मायना चुकला की पत्र वाचायचेच नाहीत. त्यामुळे तुमचं "चिरंजीव" वाचल्यावर मी आरशापुढे जाऊन उभा राहिलो. येत्या वाढदिवसाला मला पन्नासावं लागेल. डोक्यावरचे केस पांढरे, कानावरचेही पांढरे. तुम्ही माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठे. तेवढ्यावर मी चिरंजीव होत असेन, तर तुम्हाला तीर्थरूप म्हटल्यावाचून माझी सुटका नाही. गुरुजींचा नियमच तसा आहे.

आता निबंधाविषयी. "मोठा प्रदेश" आणि "लहान प्रदेश" कुठले ते मी विचारत नाही. माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. काट्याला लहान-मोठं कळत नाही, फक्त कुठे झुकलंय ते कळतं. (हे वाक्य मला आवडलं. निबंधात घालू का?)

भांडण नको म्हणून प्रकरणं वाटून घेऊ. नदी मी लिहितो, रस्ते तुम्ही. नदीचं प्रकरण सोबत पाठवतोय. जिभेवर साखर ठेवून लिहिलंय, कुठे काही टोचणार नाही.

तुमचा,
चिरंजीव

*

४ फेब्रुवारी

श्री. साडूभाऊ यांस,
नमस्कार.

प्रथम मायन्याबद्दल. तुमचे पत्र डेपोतील कारकुनाने पाकिटाविना टेबलावर ठेवले. "तीर्थरूप" शब्द सर्वांनी वाचला. तेव्हापासून वाहक मला वाकून नमस्कार करतात आणि एकाने चारधाम गाडीची वेळ विचारली. अशी गाडी आमच्याकडे नाही. यापुढे उभयपक्षी "श्री." वापरावे. हा आपला पहिला करार समजावा.

नदीचे प्रकरण वाचले. तुम्ही लिहिता, "वरच्या प्रदेशाने पाणी अडवून धरू नये. खालचा प्रदेश तहानेने व्याकूळ होतो." साखर कुठे आहे ते दाखवावे. आम्ही कोणालाही अडवून धरलेले नाही! सासूबाई स्वतःच्या पायांनी आमच्याकडे आल्या, स्वतःच्या मर्जीने राहतात आणि स्वतःच्या हाताने टीव्हीचा आवाज वाढवतात. तहान असेल त्याने यावे. दार उघडे आहे. कडी आतून लावतो, पण ती चोरांसाठी.

रस्त्यांचे प्रकरण सोबत जोडले आहे. अक्षर खराब आहे, पेन नवीन असल्यामुळे.

आपला,
वाहतूक नियंत्रक

[याच कागदाच्या खाली, मोठ्या अक्षरात]

धाकटे जावईबापू, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून उघडलं. पेन जुनंच आहे. हे डाव्या हाताने लिहितात. उजवा गळ्यात बांधलाय. बैठकीच्या खोलीतला दिवा छताच्या बरोबर मधे. तिथे अर्धी शिडी कशाला टेकवणार? यांनी कपाटाला टेकवली. कपाट सरकलं. हे, टॉवेल आणि कपाट सगळं एकदम आलं. आता चार दिवस घरी आहेत आणि मला गाड्यांच्या वेळा सांगतात. दिवा अजून बंदच आहे. दोघं काय लिहिताय ते कळलं. मुलींना बोलले नाही. मला नदी म्हटलंत ते वाचलं. बरं आहे. माझ्या माहेरी मला बडबडा ओढा म्हणायचे.
आशीर्वाद. धाकटीला सांगा, मी बरी आहे.

*

९ फेब्रुवारी

श्री. साडूबुवा यांस,
स. न. वि. वि.

नवीन पेन सांभाळून वापरा. जड वस्तू उचलू नका. रात्री पेनला हळद-तेल लावून शेकलं तर बरं. (सासूबाईंवर रागावू नका. त्या तुमच्या काळजीपोटीच बोलल्या.)

तुम्ही पडलात हे वाचून आधी हसलो, मग देवापुढे हात जोडून त्याची माफी मागितली, आणि मग पुन्हा हसलो. तेव्हा मीही एक सांगतो. दुकानात आमचा सर्वांत मोठा तराजू छताच्या आकड्याला टांगलेला आहे. त्याचा आकडा वर्षभरापूर्वी वाकला. तोही बरोबर मधे! माझी अर्धी शिडी तिथवर नेता येते, उभी करता येत नाही. गिऱ्हाईक आत येतं, वर बघतं आणि म्हणतं, "काटे दुरुस्त करता ना? मग हा असा का?" मी म्हणतो, "तो नमुना आहे. बिघडलेला काटा कसा दिसतो तो." काही अडत नाही असं मी लिहिलं होतं. अडतं.

शिडी आमच्याकडे दाराआड उभी असते. तिच्यावर सासऱ्यांच्या निळ्या रंगाचे थेंब आहेत. ही रोज संध्याकाळी ती ओल्या फडक्याने पुसते, पण थेंबांच्या भोवतीने. थेंबांवर फडकं नेत नाही. मी बघतोय असं कळलं की मला म्हणते, "धूळ किती बसते बाई."

नदीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं असावं. मी पाण्याबद्दल लिहितोय असं मला वाटत होतं.

तुमचं रस्त्यांचं प्रकरण वाचलं. ते वेळापत्रक आहे. पण त्यात एका ठिकाणी "सकाळी सहाची गाडी रिकामी जाते, तरी सोडावी लागते, कारण कुणीतरी पुढच्या थांब्यावर उभं असू शकतं" असं लिहिलंय. एवढं चांगलं वाक्य माझ्या नदीत नाही.

पहिलं वाक्य कोणाचं आणि पहिलं नाव कोणाचं, यावर माझ्याकडे तोड आहे. तुम्ही वहीच्या एका टोकाकडून लिहीत या, मी दुसऱ्या टोकाकडून. दोघांची वाक्यं पहिली, दोघांची नावं पहिली. वाचणाऱ्याने वही उलटी करायची. मधे कुठेतरी भेटू.

आपला,
साडू

*

१५ फेब्रुवारी

श्री. साडूभाऊ,
नमस्कार.

तुमची तोड मान्य. माझी बाजू पूर्ण करून वही पाठवत आहे. तुमची बाजू लिहून परस्पर विद्यापीठाकडे रवाना करावी. अंतिम मुदत २० तारीख आहे. गाडी चुकवू नये.

नावाचा आग्रह का धरला ते सांगतो. तीस वर्षे मी माइकवर गाड्या पुकारतो. कुठली गाडी, कुठे जाणार, कोणत्या फलाटावर. त्या माइकवर माझे नाव कधी आलेले नाही. मी म्हणजे गाडी नव्हे, हे मला कळते. पण एकदा कोणी माइकवर मला पुकारावे आणि मी खाली गर्दीत उभा असावे, असे वाटते. हसू नये.

हात सुधारत आहे. उजव्या पेनने लिहिले आहे.

आपला,
साडू

*

२ मार्च

दोन्ही स्पर्धकांस,
स. न.

आपला निबंध मिळाला. परीक्षकांनी तो एका बाजूने वाचला, वही उलटी केली आणि दुसऱ्या बाजूने वाचला. एका परीक्षकाच्या हातून ती उलटताना चहा सांडला, त्याचे डाग आपल्यामुळे पडले असे आम्ही मानत नाही. निबंध अनपेक्षितपणे आवडला. विशेषतः रिकामी गाडी आणि झुकलेला काटा.

मात्र दोन्ही बाजू जिथे भेटतात ते मधले पान कोरे आहे. तेथवर "शेजारी प्रदेशाने आता हात पुढे करावा" असे दोन्हीकडून लिहिलेले आहे, आणि पुढे काहीच नाही. वही वाहतूक नियंत्रकांच्या पत्त्यावर परत पाठवली आहे; मधले पान लिहून पाठवल्यास निबंध अंतिम फेरीत घेता येईल. मुदत ३१ मार्च.

स्पर्धा समन्वयक

*

७ मार्च

श्री. साडूबुवा,

समन्वयक मॅडमचं पत्र तुम्हालाही मिळालं असेल. मधलं पान तुम्हीच लिहा. मान तुमचा आहे.

साडू

*

१२ मार्च

श्री. साडूभाऊ,

छे छे. कल्पना तुमची होती. मधले पान तुम्हीच लिहावे.

साडू

*

१५ मार्च

श्री. साडूबुवा,

माझं काय, मी कुठेही चालवून घेतो. तुम्हीच लिहा. मनापासून सांगतो.

साडू

*

२० मार्च

श्री. साडूभाऊ,

मी तुम्हास मान दिला आणि तुम्ही तो परत केलात. माझ्यासोबत एका पानावर लिहिणे तुम्हास नको असेल तर तसे स्पष्ट कळवावे! वही अर्धी अर्धी फाडून देण्यासही माझी तयारी आहे.

वाहतूक नियंत्रक (वरिष्ठ श्रेणी)

*

२९ मार्च

मा. समन्वयक मॅडम यांस,
स. न. वि. वि.

मधलं पान वहीसह सोबत पाठवतोय. ते तुमच्या नियमात बसत नाही, हे आधीच सांगतो. ते आमच्या सासूबाईंनी लिहिलंय आणि त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं आहे. निबंध बाद करावा लागला तर करा, पण पान बदलणार नाही. असं का झालं ते सांगायला हवं.

शुक्रवारी साडूबुवांचं पत्र आलं, वही अर्धी फाडू म्हणून. ते वाचताना मला आमचा सुतार आठवला. "नक्की सोडवू ना?" असं विचारणारा. मी पत्र मिटलं. बायकांना जे करू नका म्हणून दोन वर्षं समजावत होतो, तेच आम्ही दोघं पदव्युत्तर माणसं टपालाने करत होतो.

रविवारी सकाळी पूजा आटोपली आणि दाराआडची अर्धी शिडी बाहेर काढली. बिजागऱ्या खिशात टाकल्या. बायकोला म्हटलं, "चल."

"कुठे?"

"शिडी पोचवायला."

"कुणाकडे?" तिने विचारलं खरं, पण उत्तराची वाट न बघता चांगले कपडे घालायला गेली. निघताना म्हणाली, "मी काही बोलणार नाही हं तिच्याशी. आईला भेटेन आणि येईन."

बसच्या वाहकाने अडवलं. "हे काय?"

"शिडी."

"अर्धीच?"

"उरलेली पुढे आहे."

"मग हिचं अर्धं तिकीट काढू का?" सगळी बस हसली. बायकोही हसली, आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागली.

साडूबुवांच्या डेपोत उतरलो. ते लांब फलाटावर एका चालकाला झापत उभे होते. हात आता गळ्यात नव्हता. मी शिडी घेऊन सरळ नियंत्रण कक्षात गेलो. तिथल्या मुलीला माझी विनंती कागदावर लिहून दिली. ती कागद बघून म्हणाली, "हे पुकारू? साहेब मला खातील."

"नाही खाणार. पुकार."

मग सगळ्या डेपोभर आवाज गेला: "लक्ष द्या. वाहतूक नियंत्रकसाहेब, वरिष्ठ श्रेणी. निबंधकार नियंत्रकसाहेब. आपले साडू आपल्या शिडीसह आलेले आहेत. साहेबांनी त्वरित संपर्क साधावा."

मॅडम, तुमच्या व्यासपीठावर काय झालं असतं मला माहीत नाही. पण साडूबुवा त्या गर्दीत तसेच उभे राहिले. चालक निसटून गेला तरी त्यांना कळलं नाही. पुन्हा एकदा पुकारलं जाईपर्यंत ते हलले नाहीत. मग आले आणि मला म्हणाले, "फलाटावर सामान ठेवायला मनाई आहे." आणि शिडीचं दुसरं टोक उचललं.

दार ताईंनी उघडलं. ताई म्हणाल्या, "बारीक झालीस."

ही म्हणाली, "तू नाही झालीस."

आतून सासूबाई ओरडल्या, "कोण आलंय? अंधारात दिसत नाही मला!" आणि मग काय झालं ते मी बघितलं नाही, कारण मी आणि साडूबुवा शिडी आडवी धरून दारात अडकलो होतो. ते म्हणत होते डावीकडे वळा, मी वळलो तर ते उजवीकडे.

बिजागऱ्या मी आणल्या होत्या. साडूबुवांनी स्क्रू आणले, ते त्यांनी प्रवाशांच्या हरवलेल्या वस्तूंसारखे चिठ्ठी लावून ठेवले होते. आमच्या बाजूला निळे थेंब, त्यांच्या बाजूला पिवळे. शिडी खोलीच्या बरोबर मधे उभी केली. मी चढलो, कारण त्यांना आता उंचीची भीती वाटते. दिवा बदलला. खाली बघितलं तर एक बाजू ताईंनी धरली होती, दुसरी हिने. दोघी एकाच वेळी मला सांगत होत्या की मी दिवा उलट फिरवतोय.

मग वही काढून मी आणि साडूबुवा मधलं पान लिहायला बसलो. ते म्हणाले, "तुम्ही लिहा." मी म्हणालो, "छे, तुम्ही." सासूबाईंनी वहीच ओढून घेतली आणि नव्या दिव्याखाली लिहिलं. ते असं आहे:

"प्रादेशिक सहकार्य. दोघे जावई बोलतायत. दोघी मुली बोलतायत. चौघंही एकदम बोलतायत आणि कोणी कोणाचं ऐकत नाही. मला काय लिहायचं ते सुचेना. इतका गोंगाट या घरात खूप दिवसांनी ऐकला. टीव्ही लावावा लागला नाही. पुढचं नंतर लिहीन, चहा निवतोय."

आमच्या मते याहून नेमकं मधलं पान होऊ शकत नाही. दोघांनी खाली सही केली आहे. कोणाची आधी, ते आता आठवत नाही.

निघायची वेळ झाली तसं मला पुढच्या खोलीतून ऐकू आलं. ताई म्हणाल्या, "अगं, शिडी तू ने. तुझ्याकडे तो तराजू लटकलाय."

ही म्हणाली, "नको ताई, तुमच्याकडे आई आहे. तूच ठेव."

"नाही, तूच ने."

"तूच ठेव म्हणते ना."

ताईंचा आवाज किंचित चढला. "नको म्हणजे?"

साडूबुवांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. मग जे मी दोन वर्षांपूर्वी सुतार दारात असतानाच करायला हवं होतं, ते केलं. खिशातून कानस काढली, शिडीपाशी बसलो आणि बिजागऱ्यांच्या एकेका स्क्रूची पेचकस बसायची खाच घासून पार सपाट करून टाकली.

आपला,
स्पर्धक